दोन बोटांचं अंतर

रात्री पावणेदोनला नियाजभाईंना आणलं.
शीतलामाता बाजारात जिन्याखाली यांची पेटी असते;
शालूला उंदराने पाडलेलं भोक असं बुजवतात
की नेसणारीलाही सापडू नये.
दम्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून
धोत्र्याची पानं उकळून प्यायले होते, पेलाभर.

बाहेर इंदूरची जानेवारी, आणि यांची कातडी
तव्यासारखी, कोरडी.
बाहुल्या इतक्या मोठ्या की डोळ्यांत रंग उरला नव्हता.
आणि हात –
हात चालू होते.
उजव्या चिमटीत नसलेली सुई,
डाव्या हातात नसलेला दोरा,
तो ओला करायला तोंडाशी न्यायचे; तोंडात थुंकी नव्हती.
मग चादरीवर एक धागा वर, एक खाली,
वर, खाली.
"सेठ, कल शाम को ले जाना," म्हणाले.
समोर मी उभी होते. मला नाही म्हणाले.

पुस्तकात हे अडीच ओळींत आहे.

मेंदूच्या तळाशी थोड्याशा पेशी असतात,
त्यांचे तंतू वर सगळीकडे गेलेले.
त्यांतून पाझरतं अ‍ॅसिटिलकोलीन.
ते निरोप आणत नाही.
निरोप आणायला डोळा आहे, कान आहे, बोटाचं टोक आहे.
हे फक्त पेशीला तयारीत ठेवतं.
एरवी पेशी एकदा बोलते, दोनदा बोलते,
मग पोटॅशियम बाहेर वाहू देऊन गप्प बसते;
हे त्या मोरीला बोळा लावतं,
म्हणून ती बोलत राहते
बोलण्यासारखं काही येतंय तोवर.
आणि शेजारणींची आपसातली कुजबुज,
कालची, परवाची, वीस वर्षांपूर्वीची,
ती जराशी दाबतं,
बाहेरचं ऐकू यावं इतपत.

धोत्रा त्याच कुलपात जाऊन बसतो.
किल्ली बसते, फिरत नाही.
मग कुजबुजीचाच बाजार होतो.
आत सेठ येतात, गिऱ्हाइकं येतात,
गेलेली बायको चहा घेऊन येते बहुतेक,
कारण मध्येच त्यांनी हात पुसून कप धरला,
अर्धा बशीत ओतला आणि फुंकला.

उतारा आहे. सकाळी वॉर्डबॉय दवा बाजारात
सात दुकानं फिरून रिकामा आला.
आमच्या कपाटात निओस्टिग्मीन होतं,
त्याचाच भाऊ, पण मेंदूच्या उंबऱ्याशी अडतो,
त्याला आत घेत नाहीत.
सिस्टर रोझलिन म्हणाल्या, "ओली पट्टी ठेवू. थांबू."
थांबलो.
नाडी एकशे अडतीस. एकशे तीस. एकशे तीस.

दुसऱ्या रात्री चारच्या सुमाराला मला दिसलं,
चादरीला खरंच भोक होतं.
सरकारी चादर, असायचंच.
त्यांच्या टाक्यांपासून दोन बोटं उजवीकडे.
चाळीस वर्षं भोकं हुडकणारा माणूस
परवापासून
धडधाकट कापडावर रफू करत होता.

मी त्यांचं बोट धरून भोकात घातलं.
बोटाने वर कळवलं असणार.
वर कुणी उचललं नाही.

साडेसहाला नळाला पाणी आलं, बादलीत धार वाजली.
त्यांनी मान वळवली.
नळाकडेच.
मी वेळेसकट लिहून ठेवलं: नळाकडे.
मग खाली पाहिलं, चादरीवर तळवा फिरवला,
भोकापाशी थांबले,
"ये किसने छोड़ दिया?"
घसा खरवडल्यासारखा आवाज. रागावलेला.

फाटकाबाहेर पोह्यांची गाडी.
मी उभी, डोळ्यांत दोन रात्रींची वाळू.
पातेल्यावरची वाफ हलत होती,
गाडीवाल्याचे ओठ हलत होते,
माझ्या आत कुणीतरी अजून नाडी मोजत होतं.
"जीरावन डालूं, मैडम?"
तिसऱ्यांदा विचारलं असावं त्याने.
डाल, म्हटलं.